बाबासाहेबांची दोन चित्रचरित्रे

मागच्या वर्षी एम. ए.च्या वर्गात चरित्र आणि आत्मकथन या दोन वाङ्मयप्रकारांतील फरक शिकवत असताना मी दोन पुस्तके टेबलावर ठेवली. दोन्ही चित्रांची. एक ‘अमर चित्र कथा’ मालिकेतील, मूळ १९७९ सालचा ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक. दुसरे २०११ साली ‘नवयान’ या प्रकाशनसंस्थेने काढलेले ‘भीमायन’. विद्यार्थ्यांनी दोन्ही हाताळली. पहिले ओळखीचे वाटले म्हणून चटकन बाजूला ठेवले गेले. दुसऱ्याची पाने मात्र बराच वेळ उलटली जात होती. मग मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, चित्रं चांगली आहेत, पण हे बाबासाहेब वाटत नाहीत. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. हा चेहरा तो नाही.”

त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. आदिवासी चित्रशैली, आधुनिक चित्रकथा वगैरे दोन-चार वाक्ये बोलून मी तास संपवला. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. एकाच माणसाच्या आयुष्यावरची ही दोन पुस्तके बत्तीस वर्षांच्या अंतराने निघाली. त्यांच्यातला फरक केवळ चित्रशैलीचा नाही. ते आयुष्य कोणत्या मजकुराच्या आधारे वाचायचे, आणि अपमानाची गोष्ट सांगताना काळ पुढे सरकवायचा की थांबवायचा, हा खरा फरक आहे असे मला वाटते.

(१)

‘अमर चित्र कथा’चा जन्म मुंबईतला. त्याआधी १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले होते आणि ‘वेताळ’ हा परदेशी नायक भारतीय मुलांच्या घरात शिरला होता. त्या उपक्रमाच्या आरंभीच्या काळात काम केलेले अनंत पै यांनी पुढे ‘इंडिया बुक हाउस’च्या साहाय्याने १९६७ मध्ये स्वतःची कल्पना प्रत्यक्षात आणली. दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातले संदर्भ सांगता आले, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, आणि तेथून ही मालिका सुचली, अशी आठवण पै सांगत असत. मालिकेचा खरा आरंभ ‘कृष्ण’ या अंकाने झाला. त्याची चित्रे राम वाईरकरांची होती. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांनी या मालिकेचे रूप घडवले. कॅलेंडरांतून घरोघर पोहोचलेल्या देवादिकांच्या प्रतिमांचा वारसा या चित्रांत स्पष्ट दिसतो. राजा रविवर्म्याचा छापखानाही आधी मुंबईत आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीत होता, हे लक्षात घेतले तर या मालिकेची दृश्यभाषा याच परिसरात मुरलेली होती असे म्हणता येते.

पुराणांनंतर इतिहास आला: शिवाजी, तानाजी, बाजीराव, झाशीची राणी, लोकमान्य टिळक. चारशेहून अधिक अंक आणि वीसहून अधिक भाषा एवढा या मालिकेचा पसारा वाढला. तिने देवधर्म आणि राष्ट्र यांची कोणती प्रतिमा घडवली याची चिकित्सा नंदिनी चंद्रा आणि कार्लाइन मॅक्लेन यांनी अनुक्रमे २००८ आणि २००९ मधील ग्रंथांत केलेली आहे. नायक गोरे व देखणे आणि असुर काळे, हा रंगांचा संकेत तर आज कोणीही पाने चाळून पाहू शकतो. ती सारी चर्चा येथे करण्याचे कारण नाही. आपल्याला हवा आहे तो १९७९ मधला एकच अंक.

एस. एस. रेगे यांची संहिता, दिलीप कदम यांची चित्रे आणि अनंत पै यांचे संपादन असलेला ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक कोणत्या वातावरणात निघाला ते पाहावे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. ठरावाची अंमलबजावणी रखडली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्याच १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९७९ मध्ये प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’. म्हणजे ज्या दोन-तीन वर्षांत बाबासाहेबांच्या नावावरून रस्त्यांवर रक्त सांडत होते आणि दलित आत्मकथन मराठी साहित्याचा पाया हलवत होते, त्याच वर्षांत मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांच्या हाती बाबासाहेबांचे रंगीत चरित्र पडले. यांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह मी टाळते. पण ही समकालीनता नोंदवायला हवी.

आणि आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्या पिढीतल्या कित्येकांना बाबासाहेब प्रथम भेटले ते याच अंकातून. ज्या घरांच्या भिंतीवर त्यांचा फोटो नव्हता आणि कपाटात त्यांचे पुस्तक नव्हते, तेथे हा अंक वाचनालयातून आणलेल्या गठ्ठ्यात शिवाजी आणि बिरबल यांच्यामध्ये बसून आला. उपहासाने बाजूला सारावी अशी ही गोष्ट नाही.

(२)

‘अमर चित्र कथे’चा साचा बत्तीस पानांचा. बालपणापासून बौद्ध धम्माच्या स्वीकारापर्यंतचे आयुष्य एवढ्या जागेत मावायचे. पान चौकोनी चौकटींत विभागलेले. वर निवेदनाची पट्टी, खाली पात्रे, त्यांच्या तोंडाजवळ लंबगोल फुगे. पट्टीतल्या निवेदकाला नाव नाही, चेहरा नाही. त्याला सगळे ठाऊक आहे. शालेय पाठ्यपुस्तकातल्या थोर पुरुषांच्या धड्यांचा निवेदक असतो तसा तो आहे.

चित्रकथेतल्या चौकटीचे एक कार्य असते. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ च्या आपल्या सुप्रसिद्ध पुस्तकात दाखवून दिल्याप्रमाणे, दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत वाचक काम करत असतो. एका क्षणातून दुसऱ्या क्षणात तो स्वतः उडी मारतो. त्यामुळे चौकट ही केवळ चित्राची कड उरत नाही, ते काळाचे माप होते. एक चौकट संपली की काळ पुढे गेला. चरित्रात्मक चित्रकथेत ही उडी कधी एका श्वासाची असते, कधी दहा वर्षांची. डाव्या पानावर शाळेत वेगळा बसवलेला मुलगा असतो, उजव्या पानावर तोच बोटीने परदेशी निघालेला असतो. पान उलटले की अपमान मागे पडलेला असतो.

येथेच या अंकाची मर्यादा आहे, आणि ती एकट्या या अंकाची नाही. थोर पुरुषाच्या चरित्राची रचनाच अशी असते की आरंभीचे दुःख हे नंतरच्या यशाचे मोजमाप ठरते. दगड जितका जड, उचलणारा तितका बलवान. वाचक मुलाच्या मनावर ठसते ते हे की, हुशारी आणि कष्ट यांच्या बळावर एक मुलगा या साऱ्यातून बाहेर पडला. मग हळूहळू असेही वाटू लागते की ‘हे सारे’ सुद्धा त्याच्याबरोबर संपले. माझ्यापुरते सांगायचे तर लहानपणी वाचलेल्या त्या अंकातून माझ्या लक्षात राहिले ते रात्रभर जागून केलेले वाचन. पाणी लक्षात राहिले नाही.

पण त्या काळातल्या लेखक-चित्रकारांसमोर आधार म्हणून काय होते? धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ चे, मराठी १९६६ चे. चां. भ. खैरमोडे यांच्या बहुखंडी चरित्राचा पहिला खंड १९५२ चा. ही मोठीच कामे आहेत. परंतु ती चरित्रे आहेत, आणि त्यांचा कणा कालानुक्रमाचा आहे. बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेला एक छोटा आत्मपर मजकूर तोवर पुस्तिकारूपाने वाचकांसमोर आलेला नव्हता. दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट तेथून सुरू होते.

(३)

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्या मजकुराचे नाव. १९३५-३६ च्या सुमारास इंग्रजीत लिहिलेला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तो १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला, म्हणजे लेखकाच्या महापरिनिर्वाणानंतर चौतीस वर्षांनी. पुढे १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या समग्र वाङ्मयाच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला.

या मजकुराच्या आरंभी बाबासाहेब एक साहित्यिक प्रश्न उभा करतात. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला कसे समजावून सांगावे? एक मार्ग सर्वसाधारण वर्णनाचा. दुसरा प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांचा. ते दुसरा मार्ग निवडतात. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ किंवा ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ लिहिणारा तर्कनिष्ठ लेखक येथे जाणीवपूर्वक गोष्ट सांगायला बसतो, आणि तीही सलग आयुष्याची नव्हे. काही प्रसंग स्वतःचे, काही इतरांचे. बॅरिस्टरी नाही, गोलमेज परिषद नाही, गौरवाचा एकही क्षण नाही.

पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल म्हणून नोकरीला. मुले सातारहून रेल्वेने मसूरला उतरतात. अंगावर नवे कपडे, मनात पहिल्या रेल्वेप्रवासाची हौस. घरून पाठवलेले पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेले नसते, म्हणून घ्यायला कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. ‘महार’ हा शब्द ऐकताच मागे सरतो. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होत नाहीत. शेवटी तोडगा निघतो तो असा की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. रात्र होते. बरोबर डबा भरलेला आहे, पोटात भूक आहे, पण पाणी मिळत नाही म्हणून जेवता येत नाही. टोलनाक्यावर मुसलमान असल्याचे सांगूनही पाणी मिळत नाही. मुले उपाशी झोपतात.

वडील गोरेगावला काय करत होते? दुष्काळात माणसे मरत होती म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामावर ते रोखपाल होते. इतरांसाठी तलाव खोदण्याच्या कामाचे पैसे मोजणाऱ्या माणसाची मुले रस्त्यावर तहानलेली राहतात. बाबासाहेब हा विरोधाभास बोट ठेवून दाखवत नाहीत. तपशील एका वाक्यात देतात आणि पुढे जातात.

नंतरचे प्रसंगही प्रवासाचे आहेत. १९१७ मध्ये परदेशातून परतलेला उच्चविद्याविभूषित तरुण बडोद्यात नोकरीसाठी येतो. राहायला जागा नाही, म्हणून पारशी नाव धारण करून पारशी वसतिगृहात राहतो. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहतात. संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत तो कमाठी बागेत बसून राहतो. १९२९ मध्ये सरकारी समितीचे सदस्य म्हणून धुळ्याहून परतताना चाळीसगावला टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होत नाही. वस्तीतली माणसे टांगा भाड्याने घेतात आणि कधीही टांगा न हाकलेला एक जण लगाम हाती घेतो. पुलावर अपघात होतो, पाय मोडतो. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यापाशी टाक्याच्या पाण्याने तोंड धुतले म्हणून मुसलमानांचा जमाव अंगावर येतो.

या क्रमाकडे नीट पाहावे. १९०१, १९१७, १९२९, १९३४. मुलगा मोठा होतो, पदवीधर होतो, बॅरिस्टर होतो, देशाचा नेता होतो. प्रसंग मात्र मोठा होत नाही. तो तोच राहतो. दरम्यान २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी प्यायलेले आहे. त्याआधी १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झालेला आहे. तरीही सात वर्षांनी दौलताबादला तेच पाणी आणि तोच जमाव. चरित्राच्या कण्याला, म्हणजे ‘अपमान, मग संघर्ष, मग यश’ या क्रमाला, हा मजकूर आतून नकार देतो. शीर्षकातला ‘व्हिसा’ही मग कळू लागतो. स्वतःच्याच देशात प्रवास करणाऱ्या माणसाला दर नाक्यावर परवाना मागितला जातो, आणि शिक्षण किंवा पद हे काही परवान्याचे कागद ठरत नाहीत.

(४)

‘भीमायन’ या मजकुरावर उभे आहे. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची, प्रास्ताविक जॉन बर्जर यांचे. पुस्तकाचे मुख्य भाग तीन: पाणी, निवारा, प्रवास. सुरुवात होते ती आजच्या एका बसथांब्यावर. राखीव जागांवर चिडलेला एक तरुण आणि त्याला उत्तर देणारी एक तरुणी. तिच्या बोलण्यात २००६ चे खैरलांजी येते, आणि तेथून ती त्याला १९०१ च्या मसूरच्या रस्त्यावर नेते. पुस्तकात अधूनमधून अलीकडच्या अत्याचारांच्या वृत्तपत्रीय बातम्याही येतात. म्हणजे काळ येथे सरळ पुढे जात नाही. तो त्याच पाणवठ्यावर पुन्हा पुन्हा येतो.

आणि पानावर चौकोनी चौकटी नाहीत. आपल्या पात्रांना डब्यांत कोंडायचे नाही, अशी व्याम दांपत्याची स्पष्ट भूमिका होती. त्यांच्याकडे घराच्या भिंतींवर आणि अंगणात काढल्या जाणाऱ्या ‘दिगना’ या नक्षीच्या वळणदार पट्ट्या आहेत. त्याच पानाचे भाग पाडतात. संवादाच्या फुग्यांना अर्थ आहे. मृदू बोलणारांचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. विषारी बोलणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा असतो. तहानेच्या गोष्टीत मासे येतात. बडोद्याच्या बागेत बसलेल्या तरुणाचे शरीरच बाग होऊन जाते. महाडच्या सभेत ध्वनिवर्धकातून शब्दांऐवजी पाण्याच्या धारा निघतात आणि समोरच्या समुदायावर पडतात. भाषण ऐकणे आणि पाणी मिळणे या दोन गोष्टी त्या एका चित्रात वेगळ्या करता येत नाहीत. चवदार तळ्याचा इतका नेमका अर्थ शब्दांत सांगताना आपल्याला परिच्छेद खर्च करावे लागतात.

परधान हे परंपरेने गोंडांचे गायक. ‘बाना’ हे तंतुवाद्य वाजवून देवांच्या आणि वंशांच्या कथा सांगणारे. गाणे कमी झाले तेव्हा त्यांच्यातला जनगढसिंग श्याम हा तरुण भोपाळच्या भारत भवनात आला आणि १९८० च्या दशकात त्याने गाण्यातला ऐवज कागदावर उतरवला. व्याम दांपत्य त्याच परंपरेतले. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गाणाऱ्याच्या घराण्यातली ही चित्रे आहेत, हे मराठी वाचकाला समजणे अवघड नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर समाजातील चित्रकथी असेच चित्रांचे सुटे कागद एकेक करून पुढे धरत रामायण-महाभारताच्या कथा गातात. त्यांच्यातील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तेथेही एका चित्रावर कथेकऱ्याला हवे तितका वेळ थांबता येते. काळ कागदात नसतो, तो गळ्यात असतो. ‘भीमायन’चे उघडे पान मला या जातीचे वाटते. ते वाचकाला पुढे ढकलत नाही. जेथे थांबायला हवे तेथे थांबवते.

म्हणून या पुस्तकाला चित्रचरित्र म्हणावे का, अशी शंका येते. शीर्षकाच्या सोयीसाठी मी तसे म्हटले खरे. पण चरित्र आणि आत्मकथन यांतला जो फरक आपण वर्गात शिकवतो, तोच येथे चित्रांच्या रचनेत उतरला आहे. १९७९ चा अंक चरित्रावर आधारलेला आहे आणि त्याला चौकट शोभते. २०११ चे पुस्तक आत्मकथनावर आधारलेले आहे आणि त्याने चौकट मोडली. दोन्ही पुस्तके आपापल्या आधाराशी प्रामाणिक आहेत. श्रीविद्या नटराजन यांनीच त्याच वर्षी चित्रकार अपराजिता निनान यांच्यासह जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर केलेले पुस्तकही ‘नवयान’ने काढले. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला १८७३ चा तो ग्रंथ चित्रकथेच्या फुग्यांसाठीच लिहिला असावा इतका त्या प्रकाराला मानवतो. मूळ मजकुराचा घाट आणि चित्रांचा घाट यांचे नाते, हा आपल्या विद्यार्थ्यांसाठी प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

(५)

आता आक्षेप. ते टाळून या पुस्तकाचे कौतुक करणे सोपे आहे, पण योग्य नाही.

पहिला आक्षेप सौंदर्याचा. ही पाने फार सुंदर आहेत. विंचवाच्या नांगीचा फुगा पाहताना वाचक आधी कल्पकतेला दाद देतो. त्यातला विखार नंतर लागतो, कधी लागतही नाही. दुःख देखणे झाले की ते भिंतीवर लावण्याजोगे होते. हा धोका पूर्णपणे टळलेला आहे असे मी म्हणणार नाही. बातम्यांची कोरडी कात्रणे मध्ये येतात ती बहुधा याच सौंदर्याला वेसण घालण्यासाठी.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि मराठीच्या शिक्षकाला तो अधिक बोचतो. मसूरच्या फलाटावर १९०१ मध्ये झालेले बोलणे मराठीत झाले असणार. गाडीवानाची घासाघीस, टोलवाल्याचा नकार, मुलांची आपापसातली कुजबुज, सारे सातारी मराठीत. परदेशी वाचकांसाठी ते प्रथम इंग्रजीत नोंदले गेले. तेथून ते हिंदीतून चित्रकारांपर्यंत गेले, गोंड चित्रांत रुजले आणि पुन्हा इंग्रजी पुस्तक होऊन आपल्यापुढे आले. या लांबच्या फेऱ्यात गाडीवानाचा आवाज हरवला. ‘बलुतं’ किंवा ‘उपरा’ वाचताना शब्दाशब्दातून जात, गाव आणि वय ऐकू येते, तसे येथे ऐकू येत नाही. हा दोष पुस्तकाचा म्हणावा की आपला? आत्मकथनांची एवढी मोठी परंपरा असलेल्या भाषेने त्यांच्या चित्ररूपाचा विचार किती गांभीर्याने केला, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. चित्रकथा म्हणजे मुलांचे वाचन, ही आपली समजूत १९९२ मध्ये आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ला पुलित्झर सन्मान मिळाला तेव्हाच जुनी झाली होती. छळछावणीतून वाचलेल्या बापाची गोष्ट उंदीर-मांजरांच्या चित्रांतून सांगता येत असेल, तर कावाखान्याची किंवा पालाची का सांगता येऊ नये?

तिसरा आक्षेप माझ्या विद्यार्थ्याचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. ‘हे बाबासाहेब वाटत नाहीत.’

आपण साहित्याचे लोक वास्तवदर्शी चित्राला चटकन जुनाट ठरवतो. पण वस्तीतल्या घरात भिंतीवर असलेला तो फोटो केवळ वास्तवदर्शी नसतो. निळा कोट, टाय, चष्मा, हातात संविधान. ज्यांनी काय नेसावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्यासाठी तो कोट ही कमावलेली वस्तू आहे. ती तसबीरही चौकटच आहे, पण ती कोंडणारी चौकट नव्हे. ज्या भिंतीवर काही टांगायचा अधिकार नव्हता तिथे लावलेली आहे. दिलीप कदमांनी काढलेले बाबासाहेब त्या फोटोशी नाते सांगतात. व्यामांच्या चित्रातही कोट आणि चष्मा आहे, परंतु रेघा आणि ठिपक्यांनी भरलेला तो मोठ्या डोळ्यांचा चेहरा घरातल्या फोटोशी जुळत नाही. ज्या मुलासाठी तो फोटो आधार आहे, त्याला काहीतरी काढून घेतल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. ‘अमर चित्र कथे’च्या चौकटीवर टीका करताना मी हे विसरले होते. ते मला त्या मुलाने दाखवले.

तरीही एक गोष्ट त्याला सांगायची राहून गेली. फोटोतले बाबासाहेब पोहोचलेले बाबासाहेब आहेत. मसूरच्या रस्त्यावर, अनोळखी बैलांचा कासरा हातात धरून, डबा न उघडता झोपी गेलेल्या मुलाचा फोटो कोणी काढलेला नाही. त्याला चेहरा द्यायचा तर तो कल्पनेनेच द्यावा लागतो; आणि त्याचा चेहरा फोटोतल्या चेहऱ्यासारखा असेलच असे नाही. तो त्या रस्त्यावरच्या कोणत्याही मुलाचा असू शकतो. व्यामांनी काढला आहे तो हा चेहरा. फोटो सांगतो की आपण कोठवर आलो. हा चेहरा विचारतो की तो रस्ता अजून तसाच आहे का.

यंदा तो विषय पुन्हा शिकवायचा आहे. या वेळी दोन्ही पुस्तके एकदम टेबलावर ठेवणार नाही. आधी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधला पहिला प्रसंग मोठ्याने वाचून दाखवीन, आणि मुलांना सांगीन की गाडीवान काय बोलला असेल ते आपापल्या गावच्या मराठीत लिहा. चित्रे त्यानंतर पाहू.